रोज एक शब्द पाठवणारं ॲप : गोष्ट छान, पण अर्धीच

वर्षभर वापरतेय हे ॲप. रोज सकाळी एक इंग्रजी शब्द, मराठी अर्थ, उच्चार आणि खाली 'शब्दाची गोष्ट' असं येतं. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण तक्रार करायचीय आणि बनवणारी मंडळी तशी कष्टाळू वाटतात.

परवा शब्द आला कॉर्न्युकोपिया. अर्थ काय, तर 'भरपूर, विपुल'. संपलं! अहो, भरपूर म्हणायला आपल्याकडे शब्दांचा दुष्काळ आहे का, रेलचेल आहे, सुकाळ आहे, लयलूट आहे, आणि मुळात हे नाम आहे हो, विशेषण नाही, त्याच्या पोटात एक अख्खी वस्तू आहे आणि दिलेल्या अर्थातून नेमकी तीच गायब. लॅटिनमधलं कोर्नू म्हणजे शिंग आणि कोपिया म्हणजे समृद्धी. समृद्धीचं शिंग. आणि यांनी चित्र काय टाकलंय माहितीय, मक्याची कणसं!! कॉर्न दिसलं की मका. धान्याच्या कॉर्नचा याच्याशी काही संबंध नाही. पायाला होतं ते कुरूप, त्यालाही इंग्रजीत कॉर्नच म्हणतात आणि ते मात्र खरंच या शिंगावरून आलंय, म्हणजे कुरुपाचा फोटो टाकला असता तरी जास्त बरोबर ठरलं असतं.

गोष्टीचा भाग मात्र आवडला, हे कबूल. ग्रीक पुराणातला क्रोनस स्वतःची पोरं गिळायचा म्हणून त्याची बायको रिआ हिनं बाळ झ्यूसला, म्हणजे पुढे देवांचा राजा झाला त्याला, क्रीट बेटावर लपवलं, तिथे अमाल्थिया नावाच्या शेळीनं त्याला दूध पाजलं, खेळता खेळता त्या दांडगोबानं तिचं शिंगच मोडलं आणि मग त्याच शिंगाला वर दिला की हवं ते यातून निघेल. छान सांगितलंय, व्हॉइसही गोड आहे. पण ओविड हा रोमन कवी हेच वेगळं सांगतो. त्याच्याकडे अमाल्थिया ही शेळीची मालकीण, एक अप्सरा, शिंग झाडाला अडकून मोडतं आणि ती ते पानांत गुंडाळून, फळं भरून बाळाकडे नेते. मला हे जास्त पटतं, कारण यात शिंग भरणारं कुणीतरी दिसतं.

आणि दुसरी गोष्ट तर चक्क गाळलीय! अकेलूस हा नदीचा देव, डेयानिरा या राजकन्येसाठी हेराक्लीज या महाबली वीराशी कुस्ती खेळतो, हरायला लागल्यावर आधी साप होतो मग बैल, आणि हेराक्लीज त्याचं शिंग उपटतो. ते शिंग जलपऱ्या फळाफुलांनी भरतात. हेही ओविडचंच, त्याच्या 'मेटामॉर्फोसिस'च्या नवव्या भागात. गंमत म्हणजे अपोलोडोरस या ग्रीक लेखकाच्या नावावरच्या ग्रंथात दोन्ही गोष्टींची गाठ मारलीय, तिथे अकेलूस आपलं शिंग परत मिळवायला अमाल्थियाचं शिंग देऊन टाकतो. एवढं दोन ओळीत मावलं असतं की.

मराठी अर्थामध्ये 'अक्षयपात्र' तरी द्यायचं. तंतोतंत नाही जुळत, सूर्यानं युधिष्ठिराला दिलेल्या त्या थाळीला द्रौपदी जेवेपर्यंतचीच मुदत होती, या शिंगाला तसली काही अट नाही, पण वाचणाऱ्याला चटकन कळलं तर असतं. शिवाय आपलं शिंग संस्कृत शृंगावरून आलंय, आणि शृंग, लॅटिन कोर्नू, इंग्रजी हॉर्न ही सगळी एकाच घराण्यातली भावंडं. मराठी ॲपनं हे सांगायचं नाही तर कुणी सांगायचं?

उच्चार बरोबर, जाहिराती कमी, जुने शब्द शोधायला मात्र जाम त्रास, सर्च म्हणजे नुसता नावाला आहे. पाचपैकी तीन स्टार, त्यातला एक शेळीला. फीडबॅकमध्ये हे सगळं लिहून पाठवलं, दुसऱ्या दिवशी 'धन्यवाद, नोंद घेतली' असं उत्तर आलं. आत्ता परत उघडून बघितलं, कणसं आहेत तिथेच आहेत.