हात जातो हो, पण डोकं कुठे ठेवायचं? मोठ्या रीफ टँकचे दिवे आणि झाकण

मोठा रीफ टँक, म्हणजे पोवळ्यांचा खाऱ्या पाण्याचा टँक, करायचं ठरलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, ‘लाइट कुठली घेऊ?’ मी उलट विचारतो, घरात स्टूल केवढं आहे? समोरचा चमकतो, पण हिशेब तिथूनच सुरू होतो.

सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दोन फूट उंच टँक धरू. साधारण साडेआठशे लिटरचा. स्टँड ३२ इंच, म्हणजे काचेची वरची कड जमिनीपासून ५६ इंचांवर आली. माझी उंची पाच फूट पाच इंच आणि खांदा ५३ इंचांवर. जमिनीवर उभं राहून माझा हात जेमतेम कोपरापर्यंत आत जातो. आता पुढच्या कडेपासून मागच्या तळकोपऱ्यापर्यंतचं तिरपं अंतर काढा. शाळेतला पायथागोरस लावला की ३८ इंच येतात. काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत माझा हात २७ इंचांचा. स्टूलावर चढून, काख कडेला टेकवूनसुद्धा ११ इंच कमीच पडतात. तिथे लांब चिमटाच चालवायचा.

खरी गोम याच्या पुढची. काख कडेला टेकवलीत की डोकं आपसूक पाण्यावर येतं. आणि नेमका तिथेच, पाण्यापासून नऊ-दहा इंचांवर, दिवा असतो. दुकानात टँक बघताना हे लक्षात येत नाही, कारण तिथे आपण समोरून बघतो, वरून वाकत नाही. म्हणून मी दिवे आणि झाकण यांची तुलना एकाच कसोटीवर करतो: कडेच्या वर डोक्यासाठी सोळा इंच मोकळी जागा, एकट्या माणसाला, अर्ध्या मिनिटात करता येते का?

आधी दिवे, पण थोडक्यात

मेटल हॅलाइडचा, म्हणजे खूप तापणाऱ्या मोठ्या बल्बचा, प्रकाश मला आजही सगळ्यात आवडतो. उन्हात उथळ पाण्याच्या तळाशी जशा प्रकाशाच्या रेघा हलतात, तशा त्या दिव्याखाली वाळूवर हलतात. पण अडीचशे वॉटचे तीन दिवे म्हणजे पाण्यावर ठेवलेल्या तीन शेगड्या. ओला हात झटकला आणि थेंब गरम बल्बवर उडाले तर काच तडकू शकते. त्यातून आपल्याकडची वीज. एकदा गेली की पाच मिनिटांत परत आली तरी हॅलाइड लगेच पेटत नाही. तो थंड व्हावा लागतो, त्यात दहा-पंधरा मिनिटं जातात. काम करायला दिवा बंद केला तरी हेच.

टी-फाइव्ह ट्यूबचा प्रकाश सगळीकडे सारखा पडतो, खडकांच्या खाली काळोखी सावली राहत नाही. सहा फुटी टँकला पाच फुटी, ८० वॉटच्या ट्यूब बसतात. अडचण अशी की सहा ट्यूबची पट्टी म्हणजे पाच फूट लांब आणि फूटभर रुंद एकसंध फळी. ती अख्खी हलवावी लागते, तुकड्याने नाही. शिवाय नऊ महिने ते वर्षभरात ट्यूब बदलायच्या, आणि त्या लांबीच्या रीफ ट्यूब आपल्याकडे मिळवताना दमछाक होते. होल्डरवर मिठाची पापुद्री चढली की ट्यूब फिरवताना जो करकर आवाज येतो, तो ऐकून माझे दात अजून शिवशिवतात.

एलईडीच्या बाजूने मी आहे, आणि त्याचं पहिलं कारण वीज नाही. तीन सुटे दिवे असतात. डावीकडे काम असेल तर डावा बाजूला करायचा, बाकी दोन चालू. लेन्स असल्यामुळे दिवा थोडा उंच टांगला तरी प्रकाश खाली पोचतो. उंच गेला की पसरतोही जास्त, आणि एलईडीची जी कडक सावली पडते ती जरा मऊ होते. काम करताना निळा रंग कमी करून पांढरा वाढवता येतो. निळ्या उजेडात शेवाळ कुठलं आणि पॉलिप (पोवळ्याचा जिवंत भाग) कुठला हे कळत नाही, आणि ब्रश भलत्यावर फिरतो.

विजेचं गणित असं. रोज नऊ तास धरले तर तीन हॅलाइड महिन्याला दोनशे युनिट खातात, सहा टी-फाइव्ह १३०, आणि दीडशे वॉटचे तीन एलईडी ६० टक्क्यांवर चालवले तर ७०-७५. महिन्याला ३०० युनिटच्या वरच्या स्लॅबमध्ये आधीच असाल तर हा फरक बिलावर नीट दिसतो. हॅलाइड घेतला तर वर चिलरचा, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा, बोजा वेगळा.

आता किती प्रकाश हवा, याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. परदेशी व्हिडिओ बघून लोक ३०० पारच्या (पार म्हणजे PAR, पोवळ्यांना वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप) मागे लागतात. तो आकडा ॲक्रोपोरासारख्या दगडी पोवळ्यांसाठी असतो. भारतात सगळी दगडी पोवळी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ पासून आहेत. समुद्रपंखे आणि अग्निपोवळीसुद्धा. ‘कुणाला कळतंय’ म्हणत ती देणारे भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. मश्रूम, झोआ, लेदर अशा दगडी सांगाडा नसलेल्या मऊ जिवांवर उत्तम टँक उभा राहतो, आणि त्यांना ५० ते १५० पार पुरे. म्हणजे दिवे कमी ताकदीचे चालतात, किंवा तेच दिवे आणखी उंच टांगता येतात. डोक्याची जागा इथेच मिळते. दुबई किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या आणि रीतसर परवान्याची दगडी पोवळी ठेवणाऱ्या मंडळींना ही चैन नाही. त्यांना दिवा खाली आणावा लागतो, मग तो हलवायची सोय जास्त चांगली हवी.

झाकण: चार वाटा

पहिल्या टँकवर मी सगळीकडून बंद असा लाकडी हूड करून घेतला होता. १९ एमएमचा मरीन प्लाय, वरून पॉलिश, बैठकीच्या फर्निचरला मॅचिंग. पाहुण्यांना फार आवडायचा. वजन तीस किलोच्या वर. पुढे दहा इंचांची फळी वर उघडायची. हात आत जायचा, डोकं नाही, त्यामुळे आत काय करतोय ते काचेतून वाकून बघायचं आणि वरून चाचपडायचं. फळी उघडी धरायला मी लाटणं लावायचो. एका रात्री लाटणं घसरलं. फळी मानेवर बसली, मी दचकून हात ओढला आणि वेव्हमेकर (पाणी ढवळणारा पंप) खडकांच्या मागे जाऊन पडला. एकट्याने हूड उचलेना, म्हणून तो रविवारपर्यंत तिथेच वाळू उडवत राहिला. हूडमध्ये लाकडाचा काही दोष नव्हता, दरवाजा चुकीच्या जागी होता.

म्हणून हूडच करायचा असेल तर सुताराला असं सांगा: पुढची फळी आणि वरच्या फळीचा पुढचा अर्धा भाग एकत्र उघडला पाहिजे, इंग्रजी एल आकारात. बिजागरी वरच्या फळीच्या मध्यावर येईल. दिवे मागच्या अर्ध्या भागाला लावा. प्लाय १२ एमएमचा पुरतो, वजन बरंच कमी होतं. फक्त सांगाडा नीट हवा. प्लायवर आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या, आणि कापलेल्या कडा इपॉक्सीने बंद करा, कारण पाणी कडेतूनच शिरतं. फळी धरायला पलंगाच्या बॉक्सला लावतात तसा लहान हायड्रॉलिक लावता येतो, पण खाऱ्या वाफेत तो दोन वर्षांत गंजतो. मी त्यापेक्षा भिंतीत हूक आणि नायलॉनची दोरी सुचवीन. बिजागरीसुद्धा ३१६ ग्रेडच्या स्टीलची. ३०४ वर डाग धरतात. बारा व्होल्टचे दोन पंखे हवा बाहेर फेकतील असे बसवा, नाहीतर आत मे महिना कायमचा मुक्कामाला येतो.

दुसरी वाट छताला टांगायची, आणि मला विचाराल तर सगळ्यात सोपी. आपल्या फ्लॅटमध्ये गॅलरीत कपडे वाळत घालायची पुली असते ना, दोरी ओढली की दांडी वर? तेच तंत्र. अॅल्युमिनियमच्या एका दांडीवर तिन्ही एलईडी, दोन पुल्या, दोरी भिंतीवरच्या क्लीटला, म्हणजे दोरी गुंडाळायच्या खुंटीला. काम असलं की दोन फूट वर, झालं की खाली. दोन गोष्टी सांभाळा. अँकर खऱ्या स्लॅबमध्ये गेला पाहिजे, फॉल्स सीलिंगमध्ये नव्हे. आणि दोरी तुटली तर दिवे पाण्यात पडू नयेत म्हणून प्रत्येक टोकाला एक वेगळी स्टीलची तार, पाण्याच्या चार इंच वर थांबेल एवढ्या लांबीची. शिवाय दांडी दर वेळी त्याच उंचीला परत यायला हवी. दोन-तीन इंच खाली राहिली तरी वरचे पॉलिप जास्त उजेडाने आक्रसतात. मी दोरीवर बायकोच्या लाल नेलपॉलिशची खूण केली आहे. ती क्लीटवर आली की झालं.

तिसरी, रुळावरची. टँकभोवती किंवा मागच्या भिंतीवर चौकट आणि दिवे मागे सरकणारे. ड्रॉवरचे टेलिस्कोपिक चॅनल लोक वापरतात, पण त्यातल्या लोखंडी छऱ्यांना मीठ लागलं की सहा महिन्यांत ते अडकू लागतात. अॅल्युमिनियमचं खाचेचं प्रोफाइल आणि प्लास्टिकची चाकं जास्त टिकतात. यात एक मेख आहे: दिवे मागे सरकवायला मागे जागा हवी, आणि आपण टँक भिंतीला चिकटवलेला असतो. लांबीच्या दिशेने सरकवले तर एका वेळी एकच बाजू मोकळी होते. तीन सुट्या एलईडींना ते चालतं. टी-फाइव्हच्या फळीला नाही.

चौथी, काचेच्या कडेला किंवा स्टँडला पकडणारे हात. भाड्याच्या घरात, जिथे छताला भोक पाडता येत नाही, तिथे दुसरा इलाजही नाही. अमेरिकेतल्या लाकडी छताच्या घरांतही बरेच जण हेच करतात, कारण छताचा आडवा वासा नेमका टँकच्या वर सापडेलच असं नसतं. फिरणारा हात घ्या. स्थिर घेतलात तर डोकं ठोकून घ्यायची तयारी ठेवा.

उघडा टँक म्हटलं की

हूड सोडून बाकी तिन्ही वाटांवर टँक वरून उघडा राहतो. याचा फायदा उन्हाळ्यात कळतो. एक लिटर पाणी उडून जाताना पाऊण युनिटपेक्षा थोडी कमी उष्णता घेऊन जातं. माझ्याकडे मे महिन्यात रोज बारा-तेरा लिटर उडतं. चिलरचं तेवढं काम फुकट होतं, फक्त आरओचं पाणी भरत राहावं लागतं. पावसाळ्यात हेच उलटतं. हवाच ओली, त्यामुळे पाणी फारसं उडत नाही, आणि जे उडतं ते भिंतीत मुरून पोपडे काढतं.

बैठक आणि स्वयंपाकघर एकच असेल तर फोडणीचा तेलकट थर पाण्यावर तरंगतो. अगरबत्ती तर टँकशेजारी नकोच. पाल पडण्याची भीती मी आधी हसण्यावारी नेली होती. दोनदा जाळीने काढल्यावर हसू थांबलं.

जाळी मात्र हवीच. फायरफिश, रास यांच्यासारखे मासे रात्री उडी मारतात आणि सकाळी सोफ्याखाली वाळलेले सापडतात. खिडक्यांना मच्छरजाळी बसवणारा माणूस अॅल्युमिनियमची चौकट मापात करून देतो, पण त्याची काळी बारीक जाळी घेऊ नका, ती उजेड खाते. पाव इंची भोकांची पारदर्शक नायलॉन जाळी स्वतः आणून त्याला द्या. आणि चौकट एकसंध नको, तीन तुकड्यांत.

कुठलीही वाट घ्या, टँकच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लावल्याशिवाय ओला हात आत घालू नका. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे पाणी झोळातून ठिबकेल. एलईडीचे ड्रायव्हर (त्यांना वीज देणारे डबे) हूडच्या बाहेर.

माझा कौल असा: छत स्वतःचं असेल तर एलईडी आणि पुली. घरात रांगतं मूल, मांजर किंवा फोडणी असेल तर एल आकाराचा हूड, तोही एलईडीसह. घर भाड्याचं असेल तर फिरते हात. टी-फाइव्हचा उजेड ज्यांना मनापासून हवा आहे, त्यांनी पुलीच घ्यावी. रूळ त्यांच्यासाठी नाही. कंबरदुखीवाल्यांनी, आणि साठीच्या पुढच्यांनी तर नक्कीच, टँकची रुंदी अडीचवरून दोन फुटांवर आणावी.

ऑर्डर द्यायच्या आधी एक दुपार खर्च करा. फ्रिजचं खोकं टँकच्या मापाला कापा, टेबलावर ठेवून स्टँडची उंची जुळवा, थर्माकोलचा तुकडा दिव्याच्या जागी टांगा, आणि स्टूलावर चढून मागच्या कोपऱ्यातलं नाणं चिमट्याने उचलून बघा. मागच्या वर्षी एका मित्राने हे केलं आणि स्टँड ३२ ऐवजी २७ इंचांचं करून घेतलं. खाली संपमध्ये (स्टँडमधल्या फिल्टरच्या टाकीत) स्किमरचा, म्हणजे फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा, कप काढायला जागा राहीना, म्हणून आता तो स्किमर बाजूला ओढून, ट्रेवर ठेवून कप काढतो. त्याला स्टूल लागत नाही.