बाख की मार्टिन?

विसर्जन मिरवणूक आटोपली की आमच्या बँडवाल्यांत हा वाद हमखास रंगतो: जुना ट्रम्पेट घ्यायचाच, तर कोणता?

व्हिन्सेंट बाख मूळचा ऑस्ट्रियाचा, स्वतः वादक. 1918 मध्ये न्यूयॉर्कला आधी माउथपीस करू लागला, ट्रम्पेट नंतर. 1953 पासून न्यूयॉर्कजवळच्या माउंट व्हर्ननला बनलेले त्याचे ट्रम्पेट संग्राहक शोधत फिरतात. 1961 मध्ये कंपनी सेल्मर या वाद्यं बनवणाऱ्या कंपनीकडे गेली. सूर भरीव, ठाशीव; लक्ष्मी रोडवर ढोलांतूनही कानावर येतो.

अमेरिकेतल्या एल्खार्टच्या मार्टिन कंपनीच्या ‘कमिटी’ ट्रम्पेटचा बाज वेगळा, धुरकट. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसला तो उगाच नाही आवडला! पण तो बंद खोलीत ऐकावा, मिरवणुकीत वाया जातो.

दोन्हींत नावाआधी तब्येत बघा. पिस्टन (बोटांनी दाबायच्या कळा) न दाबता मधली स्लाइड (सरकणारी नळी) झटक्यात बाहेर ओढा. ‘पॉक्’ असा आवाज आला तर व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पिस्टनच्या झडपेत, जीव आहे. माउथपीसपुढच्या नळीवर गुलाबी ठिपके दिसले तर पितळ आतून सडतंय, मग भाव पाडा किंवा सोडून द्या. चकचकीत पॉलिशला भुलू नका. त्यात पत्रा झिजतो, कोरीव अक्षरंही.

मी बाखच घेईन. जुन्या बाजारात मात्र दोन्ही शोधू नका, तिथे मेरठमध्ये बनलेले देशी ट्रम्पेटच भेटायचे.