मुक्त लेखनाची सुरुवात आणि इन्स्क्रिप्ट कळफलक: काही महिन्यांच्या वापरानंतर

मराठीत मुक्त लेखनाची कामे घेऊ लागल्यापासून, म्हणजे गेले काही महिने, माझे रोजचे सारे लेखन इन्स्क्रिप्ट कळफलकावर, म्हणजे भारतीय लिप्या थेट टंकण्यासाठी ठरवलेल्या कळांच्या मांडणीवर, होत आहे. अनुवाद, माहितीपत्रके, उपशीर्षके अशी कामे नवोदिताच्या वाट्याला आधी येतात आणि त्यांचा मोबदला बहुधा शब्दामागे ठरतो. त्यामुळे तासाभरात किती निर्दोष मजकूर हातावेगळा होतो, यावर महिन्याची मिळकत अवलंबून राहते. ही कसोटी लावली, तर नव्या मराठी लेखकाने सर्वांत आधी इन्स्क्रिप्ट शिकावे, असे माझे ठाम मत झाले आहे.

भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ही रचना प्रमाण म्हणून पुढे आणली. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींत ती मुळातच असते, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. स्वर व मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात. ‘क’ची कळ शिफ्टसह दाबली की ‘ख’ उमटतो, ‘ग’ची दाबली की ‘घ’. ही संगती एकदा ध्यानात आली की पाठांतराचे ओझे पुष्कळ हलके होते. हिंदी आणि कोकणीसाठीही देवनागरीची हीच रचना चालत असल्याने हिंदीतली कामे घेताना नव्याने काही शिकावे लागले नाही.

हात बसेपर्यंतचा काळ मात्र कठीण जातो. त्या दिवसांत मुदतीची कामे मी रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या साधनावरच पूर्ण केली आणि सरावासाठी स्वतःची टिपणे निवडली. नव्याने शिकणाऱ्यांनीही असेच करावे, कारण मुदत आणि सराव यांची गाठ पडली की दोन्ही बिघडतात.

खरा फरक शुद्धतेत जाणवला. रोमनमधून लिहिताना यंत्र शब्द सुचवते, आणि ‘दिन’ व ‘दीन’ यांतला चुकीचा शब्द नजरेतून सहज निसटतो. इन्स्क्रिप्टमध्ये ऱ्हस्व की दीर्घ हे प्रत्येक वेळी आपल्यालाच ठरवावे लागते, त्यामुळे शुद्धलेखनाचे नियम बोटांत उतरतात. ‘दुसऱ्या’ हा शब्द पाहा. त्यातला ‘ऱ’ शिफ्टसह ‘र’ची कळ दाबून येतो, मग हलन्त (अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह), मग ‘य’. काही साधने हाच शब्द साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून तयार करतात. मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना ते चिन्ह गळले, की ‘य’वर रफार चढून ‘दुसर्या’ असे अशुद्ध रूप उरते. शिवाय ‘ऱ’ने केलेले आणि जोडचिन्हाने केलेले अशी दोन्ही रूपे दिसायला सारखी असली तरी संगणकाच्या लेखी ती वेगळी असतात, म्हणून लांबलचक अनुवादात शोधून बदल करताना काही जागा हमखास सुटतात. संपादकाकडून अशा कारणासाठी फाइल परत येणे नव्या लेखकाला परवडणारे नसते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. अवतरणचिन्हांच्या कळीवर ‘ट’ आणि ‘ठ’ आहेत, प्रश्नचिन्हाच्या जागी ‘य’चा संसार आहे. संवाद किंवा मुलाखत लिहिताना सतत इंग्रजी कळफलकाकडे जाऊन परत यावे लागते आणि लय तुटते. उपशीर्षकांच्या कामात तर याचा फारच जाच होतो. मोबाइलवर मी इन्स्क्रिप्ट वापरत नाही. तिथे कळा लहान पडतात आणि बोलून टंकणे अधिक सोयीचे वाटते.

आणखी एक अडचण कळफलकाची नसून व्यवसायाची आहे. काही छापील नियतकालिकांची पानजुळणी अजून जुन्या फाँटमध्ये होते, म्हणजे युनिकोड ही सर्व लिप्यांची सामाईक संकेतपद्धती रुळण्यापूर्वीच्या फाँटमध्ये. त्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाते, युनिकोडमध्ये ती नंतर येते, आणि रूपांतर करताना वेलांट्या व जोडाक्षरे विस्कटतात. एका अंकात माझा लेख अशाच मोडक्या जोडाक्षरांसह छापला गेला, आणि वाचकाला ती चूक लेखिकेचीच वाटली. तेव्हापासून युनिकोड फाइलसोबत मी पीडीएफही पाठवते आणि पाने लागल्यावर मुद्रिते, म्हणजे छपाईआधी तपासायची पाने, पाहायला मागते. ती दाखवण्याची तयारी नसेल, तर माझ्या नावाने छापायचे काम मी स्वीकारत नाही.