वेदरस्पून की मिचेल्स अँड बटलर्स: पबच्या शेअरमध्ये पैसे गुंतवण्यापूर्वी

पार्ल्यात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही सात-आठ जण एकत्र बसतो. दोघे बँकेतून निवृत्त झालेले आहेत, एकाच्या घराण्यात तीन पिढ्यांपासून परमिट रूम आहे आणि उरलेले आम्ही नोकरी सांभाळून स्वतःच्या पैशाने शेअर घेणारे. खाण्यापिण्याच्या धंद्यात गुंतवणूक करायची तर ती कशात, हा प्रश्न आमच्या बैठकीत वारंवार येतो. त्याचे कारण उघड आहे. मुंबईत पब आणि बार इतके असूनही केवळ पबची साखळी चालवते अशी मोठी कंपनी आपल्या शेअर बाजारात नाही. लंडनच्या बाजारात मात्र अशा कंपन्या अनेक वर्षांपासून आहेत. त्यांपैकी जे. डी. वेदरस्पून आणि मिचेल्स अँड बटलर्स या दोनच नावांवर आमची चर्चा शेवटी येऊन थांबते. ज्यांना या दोहोंपैकी एकीची निवड करायची आहे, त्यांच्यासाठी मी हे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम दोन्ही धंद्यांचे स्वरूप पाहू. वेदरस्पूनची सुरुवात टिम मार्टिन यांनी 1979 मध्ये उत्तर लंडनमधील एका पबपासून केली आणि 1992 मध्ये कंपनी बाजारात नोंदवली गेली. आज तिचे सुमारे 800 पब आहेत. बंद पडलेली चित्रपटगृहे, जुन्या बँका आणि पोस्टाच्या इमारती घेऊन त्यांत पब उघडायचे, संगीत लावायचे नाही, सकाळच्या न्याहारीपासून रात्रीपर्यंत दार उघडे ठेवायचे आणि बिअरचा दर आसपासच्या पबपेक्षा कमी ठेवायचा, ही तिची रीत आहे. आपल्याकडचा क्वार्टर बार स्वच्छ, प्रशस्त आणि कुटुंबासह जाण्याजोगा केला तर जे होईल, त्याच्या जवळपास जाणारी ही कल्पना आहे. बर्मिंगहॅमची मिचेल्स अँड बटलर्स 2003 मध्ये सिक्स कॉन्टिनेंट्स या मोठ्या समूहाच्या विभाजनातून वेगळी झाली. तिच्याकडे सुमारे 1,700 पब आणि रेस्टॉरंट आहेत, परंतु ती एका नावाने चालत नाहीत. हार्वेस्टर, टोबी कार्व्हरी, मिलर अँड कार्टर, ऑल बार वन, निकल्सन्स अशी वेगवेगळ्या ऐपतीच्या गिऱ्हाइकांसाठी वेगवेगळी नावे आहेत आणि कंपनीचा भर पेयांइतकाच, किंबहुना अधिक, जेवणावर आहे.

आता जागेचा मुद्दा, कारण माझ्या मते या धंद्याचा पाया तोच आहे. मुंबईत नाक्यावरची इराणी आणि उडुपी हॉटेले इतकी वर्षे कशी टिकली, याचे उत्तर पाककृतीत कमी आणि पागडीच्या भाड्यात जास्त आहे. ज्याला बाजारभावाने भाडे भरावे लागले, त्याचा चांगला चालणारा धंदाही करार संपताच उठला. लंडनच्या कंपन्यांनाही हाच न्याय लागू होतो. वेदरस्पूनच्या मालकीच्या जागांचे प्रमाण 2010 च्या सुमारास 40 टक्क्यांच्या घरात होते. भाड्याने घेतलेल्या पबची मालकी घरमालकाकडून विकत घेत घेत तिने ते 70 टक्क्यांवर नेले आहे. मिचेल्स अँड बटलर्सकडे हे प्रमाण मुळातच 80 टक्क्यांहून अधिक आहे, मात्र त्यात दीर्घ मुदतीचे भाडेपट्टे धरलेले आहेत. ताळेबंद वाचताना एक फरक लक्षात ठेवावा लागतो. मिचेल्स अँड बटलर्स आपल्या मालमत्तेचे मूल्यांकन दरवर्षी नव्याने करून घेते, तर वेदरस्पून ती जुन्या खर्चाच्या आधारेच दाखवते. त्यामुळे केवळ प्रतिशेअर पुस्तकी मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता एका शेअरच्या वाट्याला येणारी रक्कम) शेजारीशेजारी ठेवून एक स्वस्त आणि दुसरी महाग असा निष्कर्ष काढणाऱ्याची फसगत होण्याची शक्यता असते. या मालकीच्या जागांना खरीदार मिळतो, हेही सिद्ध झालेले आहे. हाँगकाँगच्या ली का-शिंग कुटुंबाशी संबंधित सीके ॲसेट या कंपनीने 2019 मध्ये ग्रीन किंग ही पबची साखळी कर्जासह सुमारे 460 कोटी पौंडांना घेतली, आणि ती बाजारातून कायमची गेली.

जागेच्या बाबतीत मिचेल्स अँड बटलर्स पुढे आहे, असे मी म्हणेन. नफ्याच्या प्रमाणातही तीच पुढे आहे, आणि हा फरक लहान नाही.

2025 च्या आर्थिक वर्षात वेदरस्पूनची विक्री सुमारे 213 कोटी पौंड होती. व्याज आणि करापूर्वीचा, अपवादात्मक बाबी वगळलेला, नफा सुमारे 14.6 कोटी म्हणजे शंभर पौंडांमागे सातच्या आसपास होता. त्याच वर्षी मिचेल्स अँड बटलर्सने सुमारे 271 कोटींच्या विक्रीवर सुमारे 33 कोटी मिळवले, म्हणजे शंभरामागे बारा. स्वस्त विकण्याचे धोरण घेतले की गल्ला मोठा होतो आणि हातात उरते थोडे. चांगल्या काळात ही गोष्ट कोणाला खुपत नाही. खर्च वाढला की मात्र सात आणि बारा यांतला फरक जाणवू लागतो, आणि गेल्या काही वर्षांत ब्रिटनमध्ये नेमके तेच झाले आहे.

एप्रिल 2025 पासून तिथे मालकाने कर्मचाऱ्यांच्या पगारावर भरायच्या राष्ट्रीय विमा वर्गणीचा (सामाजिक सुरक्षेसाठीच्या सक्तीच्या वर्गणीचा) दर 13.8 टक्क्यांवरून 15 टक्के झाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही वर्गणी ज्या वार्षिक पगारापासून सुरू होते ती मर्यादा 9,100 पौंडांवरून 5,000 वर आणली गेली. अर्धवेळ काम करणाऱ्या वेटरवर पूर्वी फारसा बोजा पडत नव्हता, तो आता पडू लागला, आणि पबमध्ये काम करणारे बहुसंख्य लोक अशाच प्रकारचे असतात. त्याच महिन्यात किमान वेतन ताशी 11.44 पौंडांवरून 12.21 झाले आणि एप्रिल 2026 पासून ते 12.71 आहे. वेदरस्पूनने स्वतः या 2025 च्या वाढीचा भार वर्षाला सुमारे 6 कोटी पौंड, म्हणजे प्रत्येक पबमागे आठवड्याला सुमारे 1,500 पौंड, असा सांगितला होता.

हा आकडा वाचून सोडून देऊ नये, त्याचे गणित करून पाहावे. मी ते आमच्या बैठकीत कागदावर मांडले होते. 213 कोटींची विक्री 800 पबमध्ये आणि 52 आठवड्यांत वाटली तर प्रत्येक पबची आठवड्याची विक्री सुमारे 51 हजार पौंड येते. त्याच वर्षीचा, व्याज भरून उरलेला, करपूर्व नफा सुमारे 8.1 कोटी होता. तो तसाच वाटला तर प्रत्येक पबला आठवड्याला 1,950 पौंडांच्या आसपास उरतात. म्हणजे 1,500 चा नवा भार हा आठवड्याच्या नफ्याच्या तीन चतुर्थांश एवढा आहे. शिवाय जुलैअखेर संपणाऱ्या त्या वर्षात तो भार जेमतेम चार महिनेच लागला होता. तो भरून काढायचा तर दर वाढवावे लागतात किंवा तेवढ्याच माणसांत अधिक विक्री करावी लागते. 51 हजारांच्या विक्रीवर दरात तीन टक्के वाढ केली तर 1,500 मिळतात, हे खरे आहे. परंतु जी कंपनी स्वस्ताईसाठी ओळखली जाते तिने दर किती वेळा वाढवावेत, हा प्रश्न राहतोच. मिचेल्स अँड बटलर्सनेही त्या वर्षासाठी सर्व प्रकारची खर्चवाढ मिळून सुमारे 10 कोटी पौंडांचा अंदाज दिला होता. दोन्ही आकड्यांची व्याप्ती सारखी नाही. तरीही 33 कोटींच्या नफ्यासमोर 10 आणि 14.6 कोटींसमोर 6 हे प्रमाण पाहिले तर कोणाच्या अंगावर अधिक मांस आहे ते कळते.

टिम मार्टिन अनेक वर्षे एक तक्रार सातत्याने मांडत आले आहेत, ती मला रास्त वाटते. पबमधील जेवणावर 20 टक्के मूल्यवर्धित कर लागतो आणि सुपरमार्केटमधील बहुतेक खाद्यपदार्थांवर तो शून्य असतो, त्यामुळे खाद्यपदार्थांवरील या फायद्याच्या जोरावर सुपरमार्केटला बिअर स्वस्त विकण्याची मुभा मिळते, असे त्यांचे म्हणणे आहे. आमच्या गटातील परमिट रूमवाल्या मित्राला हे लगेच पटले. महाराष्ट्रात नोव्हेंबर 2023 पासून परमिट रूममध्ये दिल्या जाणाऱ्या मद्यावरील व्हॅट 5 वरून 10 टक्के झाला, आणि वाइन शॉपच्या काउंटरवरील विक्रीला ती वाढ लागू नव्हती. बसून पिणारा गिऱ्हाईक हळूहळू बाटली घरी नेणारा होतो, हे त्याने स्वतःच्या गल्ल्यावर पाहिले आहे. जून 2025 मध्ये राज्याने उत्पादन शुल्कही वाढवले आणि 14 जुलै रोजी आहार या हॉटेल-बारचालकांच्या संघटनेने बंद पाळला. मद्याचा धंदा कुठल्याही देशात असो, त्याचा अदृश्य भागीदार सरकार असते. गुंतवणूकदाराने त्या भागीदाराचा वाटा आधी बाजूला काढूनच हिशेब करावा.

इथवर पाहता पारडे मिचेल्स अँड बटलर्सकडे झुकते. परंतु नफा कंपनीला होणे आणि तो लहान भागधारकाच्या हाती पडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आमच्या बैठकीत सर्वांत जास्त वेळ याच मुद्द्यावर गेला.

मिचेल्स अँड बटलर्सचे बहुतांश कर्ज तिच्या पबच्या उत्पन्नावर तारण ठेवलेल्या रोख्यांच्या रूपात आहे. ते टप्प्याटप्प्याने फेडत 2036 पर्यंत संपवायचे आहे. दरवर्षी मुद्दल कमी होत जाते, हे दीर्घ मुदतीच्या गुंतवणूकदाराला हितकारकच आहे. निव्वळ कर्ज, भाडेपट्टे वगळता, आता सुमारे 84 कोटी पौंडांवर आले आहे. परंतु परतफेडीच्या या वेळापत्रकामुळे रोख रकमेवर पहिला हक्क रोखेधारकांचा राहतो आणि कंपनीने गेली अनेक वर्षे लाभांश दिलेला नाही. कर्जाच्या गुंतागुंतीचा एक जुना धडाही तिच्या इतिहासात आहे. 2007 मध्ये मालमत्तेतील गुंतवणूकदार रॉबर्ट चेन्गिझ यांच्याबरोबर मालमत्तेची मोठी भागीदारी करण्याचे ठरले आणि त्यासाठी व्याजदराचे करार आगाऊ करून ठेवले गेले. पतबाजार गोठल्याने भागीदारी झालीच नाही, आणि जानेवारी 2008 मध्ये ते करार मोडताना कंपनीला करानंतर 27 कोटी पौंडांहून अधिक तोटा सोसावा लागला. धंदा उत्तम चालला असतानाही केवळ कागदावरच्या करारांमुळे भागधारकाचे पैसे बुडू शकतात, याचे हे ठळक उदाहरण आहे.

त्यात मालकीचा प्रश्न मिसळतो. 2021 मध्ये महासाथीनंतर कंपनीने विद्यमान भागधारकांना 210 पेन्स दराने शेअर देऊन सुमारे 35 कोटी पौंड उभे केले. त्या वेळी तीन मोठे गुंतवणूकदार ओडिझियन या नावाखाली एकत्र आले आणि निम्म्याहून अधिक शेअर त्यांच्याकडे गेले. लाभांश कधी सुरू करायचा, किंवा कंपनी पूर्ण विकत घ्यायची की नाही, हे तेच ठरवतील. त्यांचा आणि आपला स्वार्थ एक असेल तोपर्यंत चिंता नाही. तो एक राहीलच असे मानण्यास मात्र मला आधार दिसत नाही.

वेदरस्पूनमध्ये टिम मार्टिन यांच्याकडे सुमारे चतुर्थांश शेअर आहेत आणि त्यांचा शब्द चालतो. ब्रेक्झिटसारख्या राजकीय विषयांवर ते वार्षिक निकालांच्या निवेदनातही मोकळेपणाने लिहितात. आमच्यातील काहींना ते रुचत नाही, आणि कंपनी एका व्यक्तीभोवती फिरते ही जोखीम मलाही मान्य आहे. मात्र भागधारकांना पैसे परत देण्याची त्यांची वृत्ती आकड्यांत दिसते. 2003 मध्ये 20 कोटींहून अधिक असलेले शेअर पुनर्खरेदीमुळे, म्हणजे कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेतल्यामुळे, आता सुमारे 11 कोटींवर आले आहेत, म्हणजे तेव्हापासून शेअर धरून बसलेल्याचा कंपनीतील हिस्सा काहीही न करता जवळजवळ दुप्पट झाला. महासाथीत 2020 आणि 2021 मध्ये दोनदा नवे शेअर विकावे लागले आणि लाभांश थांबला, पण 2024 च्या आर्थिक वर्षापासून 12 पेन्सचा लाभांश पुन्हा सुरू झाला आहे. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुनर्खरेदी सुरू असतानाच निव्वळ कर्ज 72 कोटी पौंडांवर गेले आहे, आणि पातळ नफ्याच्या कंपनीने कर्ज वाढत असताना शेअर परत घेणे मला फारसे पसंत नाही. 2019 अखेर 16 पौंडांच्या वर असलेला हा शेअर पुढील काळात त्याच्या निम्म्याखाली गेला, हेही विसरू नये.

देशातच राहायचे असेल तर युनायटेड ब्रुअरीजचे नाव पुढे येते. पण ती बिअर बनवणारी कंपनी आहे, पब चालवणारी नव्हे, आणि तिच्या बिअरचा भाव अनेक राज्यांत सरकार ठरवते. जानेवारी 2025 मध्ये दरवाढ आणि थकबाकी यांवरून तिने तेलंगणाचा पुरवठाच काही दिवस थांबवला होता. हा पर्याय वेगळ्या जोखमीचा आहे, म्हणून इथे तुलनेत घेत नाही.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. 10 लाख रुपयांवरील रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस (आगाऊ गोळा केला जाणारा आयकर) कापते, ते विवरणपत्रात वळते करून घेता येते, पण तोवर पैसे अडकतात. ब्रिटिश शेअर घेताना अर्धा टक्का मुद्रांक शुल्क लागते. अशा सामान्य कंपन्यांच्या लाभांशावर मात्र तिथे कर कापला जात नाही, तो इथे आपल्या उत्पन्नात धरून भरायचा असतो. दोन वर्षांहून अधिक काळ ठेवून विकल्यास भांडवली नफ्यावर 12.5 टक्के कर आहे. विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेची अनुसूची भरण्यास चुकू नये, आणि ती आर्थिक वर्षाची नव्हे तर कॅलेंडर वर्षाची माहिती मागते. लंडनमध्ये भाव पेन्समध्ये सांगतात; 700 म्हणजे सात पौंड. आमच्यातील एकाने पहिल्या दिवशी ते सातशे पौंड समजून हा शेअर आवाक्याबाहेरचा आहे असे ठरवून टाकले होते.

ज्यांना दरवर्षी काहीतरी हाती हवे आहे आणि ज्यांचा मंद पण रोखीच्या धंद्यावर विश्वास आहे, त्यांना वेदरस्पून जवळची वाटेल. त्यांनी ऑक्टोबरमधील वार्षिक निकालात प्रत्येक पबमागील नफा काढून तो 1,950 च्या वर जातो की खाली, एवढे तरी पाहावे. ज्यांचे वय आणि उत्पन्न दहा वर्षे थांबू देईल, ज्यांना लाभांशाची गरज नाही आणि दुसऱ्याच्या बहुमताखाली राहण्याची तयारी आहे, त्यांनी मिचेल्स अँड बटलर्स घ्यावी, कारण कर्ज जसे फिटत जाईल तसे मालकीच्या इमारतींचे मूल्य आपोआप भागधारकांकडे सरकते. बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या दोन्ही सदस्यांनी पहिली निवडली. मी स्वतः दुसरी घेतली आहे, ती माझ्या परदेशी गुंतवणुकीच्या दहाव्या भागाहून अधिक होणार नाही अशा बेताने, आणि नोव्हेंबरच्या निकालात लाभांशाविषयी एखादे वाक्य बदलते का, ते मी दरवर्षी सर्वांत आधी शोधतो.