३ बाय ३ मीटरची सिलनायलॉन ताडपत्री: खानापूरच्या रानात कितपत चालते?

पाठीवरचं ओझं कमी करण्यासाठी तंबू बदलायचा असेल, तर बेळगाव भागासाठी आमची पसंती ३ बाय ३ मीटरच्या सपाट सिलनायलॉन (सिलिकॉनचा थर दिलेलं नायलॉन) ताडपत्रीला आहे. दोघांसाठी सर्रास मिळणारे डोम तंबू अडीच-तीन किलो भरतात. इथे २०डी (डेनियर, म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) कापडाची ताडपत्री साधारण ४५० ग्रॅम, ८ अ‍ॅल्युमिनियमच्या खुंट्या १०० ग्रॅम, दोऱ्या ६०, एकट्यापुरती मच्छरदाणीसारखी जाळी ३०० आणि खाली अंथरायचं टायव्हेक (कागदासारखं हलकं, चिवट कापड) १५० ग्रॅम. सगळं मिळून किलोच्या थोडं वर. दोन टोकांना खांबाचं काम ट्रेकिंग पोल करतात, म्हणजे छप्पर दुपाखी होतं. शेतीच्या दुकानातली याच मापाची ९० जीएसएमची (चौरस मीटरला ९० ग्रॅम) ताडपत्री एकटीच ८०० ग्रॅमच्या पुढे जाते.

जाळी मात्र वगळू नका. कणकुंबी-जांबोटीच्या ओल्या रानात पावसाळ्यात जळवा असतात, आणि नुसत्या छपराला त्या अडत नाहीत.

घेताना सर्वात आधी मधली शिवण बघा. हे कापड साधारण दीड मीटर पन्ह्याचं येत असल्यामुळे दोन पट्ट्या जोडाव्या लागतात आणि जोड बरोबर आढ्यावर येतो. दोन्ही बाजूंनी सिलिकॉन असलेल्या कापडावर टेप चिकटत नाही, म्हणून ही शिवण घरीच बुजवावी लागते. पारदर्शक शुद्ध सिलिकॉन सीलंट मिनरल टर्पेंटाइनमध्ये ब्रशने पसरेल इतकं पातळ करा, ताडपत्री ताणून शिवणीवर लावा, एक दिवस वाळू द्या. अ‍ॅक्रिलिक सीलंट इथे धरत नाही. आतून पीयूचा (पॉलियुरेथेनचा) थर असलेल्या कापडाच्या शिवणीला कारखान्यातच टेप लावता येते, पण तो थर दमट हवेत वर्षानुवर्षं घडी करून ठेवला की चिकट होतो, वास मारतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे विसरून चालत नाही.

उभारणीत क्रम महत्त्वाचा. वारा कुठून येतो ते बघून त्या बाजूच्या टोकाचे दोन कोपरे आधी जमिनीलगत ठोका, म्हणजे कापड उडत नाही. पोलची उंची ११० सेंटिमीटर ठेवली तर या दोन कोपऱ्यांत २ मीटर अंतर हवं. वारा जोराचा असेल तर पोल ९० वर आणा आणि अंतर २.४ मीटर करा. अंतर चुकलं की आढं ताणलं जातं, पण कडा लोंबत राहतात. मग पहिला पोल उभा करून त्याची दोरी पोलच्या उंचीइतक्या अंतरावर, म्हणजे ४५ अंशांत, ठोका. यासाठी दोरी दीड मीटरहून थोडी जास्त लागते. त्यानंतर दुसरा पोल, उरलेले दोन कोपरे आणि शेवटी बाजूच्या मधल्या दोऱ्या. कोपऱ्याची दोरी सरळ पुढे ओढू नका, तिरकी बाहेर ओढा. टायव्हेकची कड छपराबाहेर डोकावत असेल तर पागोळ्यांचं सगळं पाणी अंथरुणाखाली येतं. ती आत दुमडा.

जमीन मात्र इथे कसोटी बघते. पश्चिमेकडच्या जांभ्याच्या सड्यावर खुंटी दोन बोटंही जात नाही. जोर केला की वाकते. तिथे दोरी एका लहान दगडाला बांधा आणि त्याच्या पुढे, ताडपत्रीच्या बाजूला, मोठा दगड दोरीवर ठेवा. ताण आला की लहान दगड मोठ्याला अडतो. बैलहोंगल, सौंदत्तीकडच्या काळ्या रानात उलट अडचण: कोरड्यात भेगा, ओल्यात लोणी. तिथे २० सेंटिमीटरच्या वरच्या रुंद खुंट्याच घ्या.

आता उणिवा. सिलनायलॉन भिजलं की सैल पडतं, त्यामुळे पाऊस सुरू झाल्यावर ताण पुन्हा द्यावाच लागतो. बाहेर न जाता आतूनच पोल दोन-तीन सेंटिमीटर वाढवला तरी भागतं. सिलपॉली, म्हणजे सिलिकॉनचा थर दिलेलं पॉलिस्टर, फार कमी सैलावतं. ज्यांना रात्री उठायचं नाही त्यांनी तेच घ्यावं. डीसीएफ (डायनीमा धाग्यांचं अतिहलकं कापड) अजिबात ताणत नाही, पण किंमत कित्येक पट, आणि इथल्या दगडधोंड्यांत इतका खर्च आम्हाला पटत नाही.

दोन्ही टोकं उघडी असल्याने वळवाच्या झडीत पाणी आत येतं. उघड्या सड्यावर तर विजेचाही धोका, म्हणून एप्रिल-मेमध्ये माथा सोडून खालचा आडोसा बघा. मात्र ओढ्याच्या पात्रात नको. हिवाळ्यात कडा जमिनीला टेकवल्या तर आतल्या बाजूने दव धरतं. १५ सेंटिमीटर वर उचलल्या की हवा खेळते. उलट पावसात तेवढ्या फटीतून तांबड्या चिखलाचे शिंतोडे जाळीवर उडतात, तेव्हा कडा खालीच हव्यात.

भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वन खात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, तंबू कितीही हलका असो. आणि परत आल्यावर ताडपत्री ओली गुंडाळून ठेवू नका. सावलीतच वाळवा, कारण सततच्या उन्हाने नायलॉन कुजकं होतं.