तीन महिन्यांची शुगर करायची का उपाशीपोटीची?

लॅबवाला विचारतो, फास्टिंग-पीपी (उपाशीपोटीची आणि जेवल्यावर दोन तासांची) करू का एचबीएवनसी (तीन महिन्यांची) पण टाकू, आणि आपण म्हणतो टाका काय टाकायचं ते. पैसे एकाच टेस्टचे असतील तर आधी हे बघा.

फास्टिंगला निदान ८ तास पोटात काही नको, पाणी चालतं, चहा नाही, बिनसाखरेचाही नाही. १०० च्या आत नॉर्मल, १०० ते १२५ बॉर्डरवर, १२६ पासून डायबेटिस. स्वस्त आहे, कुठेही होते, पण आकडा फक्त त्या सकाळचा. आणि आपली माणसं काय करतात, आदल्या दोन दिवशी भात बंद, गोड बंद, रात्री शतपावली, मग रिपोर्ट छान येतो आणि लॅबमधून निघाल्या निघाल्या जिलेबी! शिवाय फास्टिंग ठीक पण जेवल्यावर शुगर उडते असे पण खूप जण असतात, म्हणून पीपी सोडू नका, आणि ते दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही.

एचबीएवनसीला असं फसवता येत नाही. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, तेवढ्या काळात रक्तातली शुगर हिमोग्लोबिनला चिकटत जाते आणि ती किती टक्के चिकटली ते ही टेस्ट सांगते. ५.७ च्या आत ठीक, ६.४ पर्यंत बॉर्डर, ६.५ पासून डायबेटिस. उपाशी जायची गरज नाही, दुपारी जेवून गेलात तरी चालतं. औषध चालू असेल तर माझं मत सरळ हिच्याच बाजूने, फक्त दर महिन्याला करत बसू नका, तीन महिने जाऊ द्या.

पण हिची मोठी गोची रक्तातच आहे. आपल्याकडे बायकांमध्ये हिमोग्लोबिन कमी असणं किती कॉमन आहे बघा, आणि लोह कमी असेल तर एचबीएवनसी उगाच जास्त दाखवू शकते. उलट सिकलसेल या रक्ताच्या आजारात लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे शुगर असूनही आकडा कमी येतो, म्हणजे गडचिरोली-नंदुरबारकडच्या घरात सिकलसेल असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. नुकतं रक्त चढवलं असेल तरी तेच. अशांनी फास्टिंग-पीपीच धरा. अजून एक, ही सरासरी आहे, म्हणजे ७ टक्के म्हणजे साधारण १५४, पण कुणाची दिवसभर १५४ च्या आसपास असते आणि कुणाची पहाटे ६० आणि रात्री २५०, रिपोर्ट दोघांचा जवळपास सारखाच.

इन्सुलिनवाल्यांना म्हणून घरी ग्लुकोमीटर हवाच. बोटाच्या टोकाला नाही, कडेला टोचा, कमी दुखतं, आणि दाबून दाबून थेंब काढू नका. आंबा कापून तसंच टोचलं तर भलताच आकडा येतो, घाबरायचं नाही, हात साबणाने धुवून पुसून परत बघा. ग्लुकोमीटरवरून डायबेटिस आहे का नाही हे मात्र ठरवू नका, त्यासाठी लॅबच.

काहीच त्रास नसताना एका रिपोर्टवर पण शिक्का मारत नाहीत, दुसरी टेस्ट करून खात्री करतात. आणि गरोदरपणात या दोन्हीत अडकू नका, तिथे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी बघतात, १४० किंवा वर आली की पुढचं डॉक्टर सांगतील.