कबुलीची नोटीस द्यावी की प्रश्नावली?

दिवाणी दाव्यात समोरच्याकडून एखादी गोष्ट वदवून घ्यायला उलटतपासणीपर्यंत थांबावं लागत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ११ ची प्रश्नावली आहे, म्हणजे समोरच्याला विचारलेले लेखी प्रश्न, आणि आदेश १२ ची कबुलीची नोटीस, म्हणजे एखादी वस्तुस्थिती किंवा दस्तऐवज मान्य करा असं लेखी सांगणं. पक्षकाराला मी आधी एवढंच विचारतो: ती गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, की शोधून काढायची आहे?

शोधायची असेल तर प्रश्नावली. रक्कम कोणत्या खात्यात गेली, व्यवहाराला कोण हजर होतं, वगैरे. कोर्टाची परवानगी लागते, पण उत्तर शपथपत्रावर येतं. हुकूम होऊनही उत्तर टाळलं तर वादीचा दावा काढून टाकला जाऊ शकतो आणि प्रतिवादीचा बचावही.

ठाऊक आहे, फक्त साक्षीदार उभे करायचा खटाटोप वाचवायचा आहे, तर नोटीस. परवानगी नको. वस्तुस्थितीची नोटीस सुनावणीच्या किमान ९ दिवस आधी द्यायची. उत्तराला ६ दिवस. दस्तऐवजाच्या नोटिशीत उत्तराला ७.

इथेच अनेकांची गल्लत होते. अमेरिकेच्या संघीय कोर्टांत ३० दिवसांत उत्तर आलं नाही की विधान मान्य धरतात. आपल्याकडे वस्तुस्थितीच्या नोटिशीवर नुसतं गप्प बसणं म्हणजे कबुली नव्हे. दाव्याचा निकाल काहीही लागो, ती गोष्ट सिद्ध करण्याचा खर्च सहसा गप्प बसणाऱ्यावर पडतो, इतकंच. दस्तऐवजाचं तसं नाही. नोटिशीनंतरही तो नाकारला नाही, तर आदेश १२ च्या नियम २अ प्रमाणे मान्य धरला जातो. म्हणून सहीची पावती हातात असेल तर मी दस्तऐवजाची नोटीस आधी काढतो.

मसुदा मात्र जपून. ‘तुम्ही १२ जूनला ५ लाख रुपये घेतले व ते बुडवले’ असं लिहिलंत की उत्तर येणार, ‘नाकबूल’. पैसे घेतलेच नाहीत की घेऊन फेडले, काही कळत नाही. तेच तोडून लिहा: १२ जूनला ५ लाख मिळाले. पावतीवरची सही तुमची आहे. त्यानंतर काही परत दिलेलं नाही. आता पहिली दोन वाक्यं नाकारताना समोरच्या वकिलालाही दहादा विचार करावा लागेल. कबुली निःसंदिग्ध आली, तर नियम ६ खाली तेवढ्यावरच निकाल मागता येतो. तो द्यायचा की नाही, हे कोर्टाच्या मर्जीवर. ती कबुली दुसऱ्या दाव्यात मात्र वापरता येत नाही.

वेळ हाताशी असेल तर मी दोन्ही वापरतो: आधी प्रश्नावली, मग तिच्या उत्तरांतून निघालेल्या मुद्द्यांवर नोटीस. व्यापारी दाव्यांना आदेश ११ वेगळा लागू आहे, तिथे तो मजकूर पाहूनच ठरवा.